अस्वलाची झोप

काल बाईंनी बालवर्गाला थंडीचा खेळ शिकवला होता. खोक्याची गुहा, कापसाचा बर्फ आणि आत गुडुप झोपलेलं कापडी अस्वल. आज मुलांनी आल्या आल्या तोच खेळ पुन्हा मांडला. बबडीने मात्र अस्वलाच्या नाकातोंडावरच कापसाचा ढीग रचला आणि वर उशी ठेवून थोपटत बसली.

"अगं बाई, गुदमरेल ना ते!" बाई हसून म्हणाल्या.

"नाही. असं केलं की रडत नाही. आमचं बाळ पण गप्प झालं."

बाईंनी तडक बबडीच्या आईला फोन लावला.

"हळू बोला हं, बाई," आई कुजबुजली. "बाळानं रात्रभर भोकाड पसरलं होतं. सकाळी मी डबा भरेपर्यंत बबडीताईनंच निजवलं बघा. तेव्हापासून चुळबूळ म्हणून नाही! मी दारसुद्धा लोटून घेतलंय."

"उठवा त्याला! आधी उठवा!" बाई किंचाळल्या.

बबडीने ओठांवर बोट ठेवलं.

"शू! तुम्हीच सांगितलंत ना बाई, थंडी संपेपर्यंत उठवायचं नाही?"