रोहितचा पत्ता

पांढुर्ण्याच्या ठाण्यातून पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा मोरेश्वर सर सौंसरच्या शाळेत नववीचा वर्ग घेत होते. फळ्यावरचं गणित अर्धवट सोडून ते व्हरांड्यात आले. फोनवर टीआय, म्हणजे तिथल्या ठाणेदार, सुचिता मॅडम होत्या. घाबरायचं काही नाही, रोहितबद्दल थोडं बोलायचं आहे, एवढंच त्या म्हणाल्या.

नेहा घरी परतून महिना उलटला होता. बारावीत शिकणारी ही त्यांची एकुलती एक मुलगी एका दुपारी पांढुर्णा स्टेशनवरून नाहीशी झाली होती. बाकावर एकटी बसलेली पाहून एका बाईनं तिला गोड बोलून चहा पाजला. नीट शुद्ध आली तेव्हा गाडी इटारसीच्याही पुढे गेली होती. पोलीस त्या बाईच्या मोबाइलच्या मागावर गेले आणि गुजरातमधल्या एका बंद घरातून त्यांनी नेहाला सोडवलं. तिच्यासोबत आणखीही मुली होत्या. ती बाई आणि तिचा साथीदार आता तुरुंगात होते.

राहिला होता रोहित.

ते नाव नेहाच्या मैत्रिणीनं, सोनालीनं, पोलिसांना सांगितलं होतं. नागपूरचा कोणी मुलगा, इंटरनेटवर ओळख झालेला. त्यानंच नेहाला त्या दिवशी स्टेशनवर बोलावलं होतं. असा कोणी रोहित आपल्याला ठाऊकच नाही, असं तुरुंगातली बाई शपथेवर सांगत होती. पोलिसांना ते पटत नव्हतं. मुली हेरून बाईच्या हवाली करणारा हाच, असा त्यांचा कयास होता. नेहाला विचारलं की ती एकच सांगायची, मी त्याला कधी पाहिलं नाही.

ज्या अॅपवर ओळख झाली, त्याच्या कंपनीकडे सुचिता मॅडमनी रोहितच्या खात्याची माहिती मागितली होती. नाव खोटं असेल, फोटोही खोटा असेल, पण खातं कोणत्या इंटरनेटवरून उघडलं ते लपत नाही, असं त्यांनी मागच्या खेपेला समजावलं होतं. सरांनी तेव्हा हात जोडले होते. पोरगी आली, आता पुरे करा, म्हणाले होते. प्रकरण वाढलं की गावभर तिचंच नाव होईल, उद्या तिच्या लग्नाचं कसं व्हायचं?

"आणखी कोणाची पोरगी त्याच्या हाती लागली तर, सर?" मॅडमनी विचारलं होतं.



तेव्हापासून घर सरांना खायला उठायचं. नेहा अभ्यासाला बसायची, आईला कामात मदत करायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. बापाच्या ताटात पोळी वाढायची, पण डोळे वर करायची नाही. जे भोगलं त्यातून बाहेर यायला पोरीला वेळ लागेल, असं सर बायकोला समजवायचे. ती खोलीत आली की ते वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरायचे.

एकदा जेवताना नेहाच्या आईनं, प्रतिभाबाईंनी, त्या रोहितच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्याच्या हातापायात किडे पडोत, म्हणाल्या.

"आई, त्याले शिव्या नको देऊ," नेहा हळूच म्हणाली.

प्रतिभाबाईंचा घास हातातच राहिला. एवढं होऊनही पोरीचा जीव त्याच्यातच अडकून राहिला, म्हणून त्या रडायला लागल्या. सर ताटावरून उठून गेले.

ठाण्यात मॅडमनी खोलीचं दार लावून घेतलं.

"कंपनीचं उत्तर आलं, सर. खातं सौंसरात उघडलेलं आहे. तुमच्या घरच्या वायफायवर."

 सर एकदम बांध फुटल्यासारखे बोलायला लागले. पोरगी सारखी फोनमध्ये डोकं घालून बसायची. कोणाशी काय बोलते, ते त्यांना पाहायचं होतं. म्हणून त्यांनी एका मुलाचं नाव घेतलं, कुठून तरी एक फोटो लावला, पासवर्ड घरच्या वायफायचाच ठेवला. ती उत्तर देणार नाही, अशी त्यांची खात्री होती. तिनं दिलं. मग स्टेशनवर बोलावून तिला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. त्या दिवशी शाळेतून निघायला उशीर झाला, वाटेत संत्र्यांच्या ट्रकांनी रस्ता अडवला. ते पोहोचले तेव्हा गाडी निघून गेली होती आणि बाकावर कोणी नव्हतं.

"त्या बाईशी माझा काही संबंध नाही, मॅडम. मले आत टाका, नोकरी गेली तरी चालते. पण नेहाले सांगू नका. रोहित म्हणजे तिचा बाप होता, हे तिले कळू देऊ नका."

 मॅडमनी समोरचा कागद सरांकडे वळवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ही नोंद घरच्या वायफायवरची नव्हती. त्याच दिवशी सकाळी, नेहा स्टेशनवर जायला निघण्याआधी, कोणीतरी बरोबर पासवर्ड टाकून रोहितचं खातं दुसऱ्या मोबाइलवरून उघडलं होतं.

नंबर नेहाचा होता.