जवळचा खांब

"त्रेसष्ट कॉर्नर," मोठ्या क्लबचा विश्लेषक म्हणाला. "आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट जवळच्या खांबाकडे. सर, माणसं अशी वागतात का?"

अंतिम सामन्याला दोन तास उरले होते. प्रशिक्षकाने पडद्यावरचं चित्र पुन्हा पाहिलं. समोरचा संघ तिसऱ्या श्रेणीतला. गोलरक्षक शाळामास्तर. आघाडीला एक ताडमाड वेल्डर. त्यांचा प्रशिक्षक बेकरीत भट्टी सांभाळणारा. तो मास्तरचा मामा, म्हणून सगळ्या संघाचाच मामा. कॉर्नर मिळाला की चेंडू वेगात जवळच्या खांबाकडे जायचा, वेल्डर धावत यायचा आणि डोकं लावायचा. या मोसमातले सहा गोल असेच झाले होते.

"मग तिथे आपला माणूस उभा करू. हाय काय नि नाय काय!"

"तेच तर त्यांना हवंय. मी त्यांचा सराव बघून आलोय. फाटक सताड उघडं. तू कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. उलट बाकावर सरकून जागा दिली. लपवण्यासारखं काहीच नाही, असं कधी असतं? आज चेंडू लांबच्या खांबाकडे जाणार."

खेळाडू त्याला संशयात्मा म्हणत. पण दहापैकी आठ वेळा त्याचंच खरं व्हायचं, म्हणून ऐकतही.

"हे बघ संशयात्म्या, आज कप गेला तर उद्या माझ्या खोलीवर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागेल. आणि मी एकटा जाणार नाही. तुला काखोटीला मारून नेईन."

"चालेल सर. पण जवळच्या खांबापाशी कुणी नको."

ऐंशी मिनिटं चेंडू मामाच्या संघाच्या बाजूलाच घुटमळत राहिला. मास्तरने नऊ फटके अडवले. गोल एकही नाही. एक्याऐंशीव्या मिनिटाला त्यांना त्यांचा पहिला कॉर्नर मिळाला.

ठरल्याप्रमाणे मोठ्या क्लबचे बचावपटू लांबच्या खांबाकडे सरकले. वेल्डर जागच्या जागी थबकला. त्याने मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या मामाकडे. चेंडू मारणाराही मामाकडेच बघत होता. मामाने दोन्ही हात पसरले.

"बघा, खूण झाली!" विश्लेषकाने प्रशिक्षकाचा दंड घट्ट धरला. "आता लांब जाणार."

चेंडू वेगात जवळच्या खांबाकडे आला. तिथे वेल्डर एकटाच होता.

सामना एक-शून्य संपला. प्रशिक्षक बसमध्ये जाऊन बसला. विश्लेषक मात्र मामाला शोधत राहिला. मामा खेळाडूंच्या खोलीबाहेर मळके शर्ट पिशवीत कोंबत होता.

"मामा, आता तरी खरं सांगा. आमच्याकडून ती जागा मोकळी करून घ्यायची, हे कधी ठरवलंत?"

"ठरवलं?" मामा बघतच राहिला. "अहो, तिथे कुणीच नाही म्हटल्यावर आम्हीच घाबरलो! एवढा मोठा क्लब, उगाच जागा सोडेल? नक्की काहीतरी डाव असणार."

"तरी तिथेच मारलात?"

"काय करणार? दुसरा कॉर्नर आम्हाला येतच नाही."