हलका दिवा

गुद्रुनने आणखी एक दिवा उचलला, हातात तोलला आणि परत फळीवर ठेवला.

चर्चने चालवलेलं जुन्या वस्तूंचं दुकान होतं ते. गावात कुणी वारलं की मुलं येऊन चांगलं ते घेऊन जात आणि उरलेलं इथे आणून टाकत. कपबश्या, इस्त्र्या, गजराची घड्याळं. सगळं स्वस्तातलं, आणि सगळं चालू.

“दिव्यांना काही तोटा नाही,” गल्ल्यावरची ओसे विणता विणता म्हणाली. “माणसं पटापट चाललीत, पण त्यांचं प्लॅस्टिक काही मरायला तयार नाही.”

“सुनेच्या उशाशी हवाय,” गुद्रुन शेजारी उभ्या मायब्रिटकडे बोट करत म्हणाली. “आधीचा फुटला.”

“तो चिनी मातीचा? उन्हाळ्यात तर नेला होतास, मायब्रिट. कसा गं फुटला?”

“पुसताना पडला.”

मायब्रिटने आज केस नेहमीसारखे मागे बांधले नव्हते, उजव्या गालावर सोडले होते. ओसेने तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून ती टाके मोजायला लागली.

मायब्रिटने कोपऱ्यातला एक पितळी दिवा उचलला. त्याला दोन्ही हात लागले. “आई, हा घेऊ या. हा काही फुटायचा नाही.”

“नको. ठेव तो.”

“का? दणकट आहे की.”

“ठेव म्हणते ना.”

गुद्रुनने फळीच्या मागून एक नारिंगी प्लॅस्टिकचा दिवा ओढून काढला. आतून पोकळ. तळहातावर एकदा झेलून पाहिला आणि आवाज खाली आणून म्हणाली, “हा घे, पोरी. हा अंगाला लागत नाही.”

मायब्रिटला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मी आई आहे त्याची.”

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

गुद्रुन दिव्याची वायर गुंडाळत राहिली. “तुझ्या सासऱ्यांच्या उशाशी असाच होता. त्या दिव्याला कधी तडासुद्धा गेला नाही. ते गेल्यावर मी तो इथे आणून टाकला. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी नेला.”

घरी आल्यावर गुद्रुन स्वतःच वर मुला-सुनेच्या झोपायच्या खोलीत गेली. दिवा लावून पाहिला. लागला. मग ती पलंगाजवळची एकेक वस्तू उचलून कपाटात ठेवायला लागली. पाण्याचा काचेचा तांब्या. मेणबत्तीचा लोखंडी स्टँड. लग्नाच्या फोटोची जाड चौकट. कुठे थांबली नाही, कशाचा विचार केला नाही. जेवणानंतरचं टेबल आवरावं तशी ती आवरत होती. मायब्रिट दारात उभी राहून बघत होती.

“पुस्तकं असू देत,” गुद्रुन म्हणाली. “पातळ आहेत.”

अंधारून येता येता येस्पर बंदरावरून आला. खुशीत होता. आईसाठी ताजी मासळी आणली होती त्याने. पिशवी ओट्यावर टाकून तो थेट वर आला. आईच्या खांद्यावर हात ठेवला, बायकोच्या गालावरचे केस हलकेच बाजूला केले.

“डोकं कसंय आता?”

“बरं आहे.”

मग त्याला दिवा दिसला. “अरे, हा तर आपल्या घरचा! आई, बाबांच्या उशाशी अगदी अस्साच होता ना?” त्याने दिवा उचलून उलटा करून पाहिला. “भिंतीवर किती वेळा आदळला असेल बाबांनी. पण मोडला म्हणून नाही. तेव्हा वस्तू करायचेच तशा.”

गुद्रुनचा हात कपाटाच्या दारावरच राहिला.

“तू झोपलेला असायचास,” ती म्हणाली.

“छे! टक्क जागा असायचो.” तो हसला. “आवाजावरून कळायचं मला. भिंतीला लागला की तुला.”

त्याने दिवा जागेवर ठेवला, शेड सरळ केली. खाली स्वयंपाकघरात बटाट्यांचं पाणी उतू जाऊन चुर्र वाजत होतं.

मग गुद्रुनने सुनेचं मनगट धरलं आणि तिला जिन्यावरून खाली नेलं. खुंटीवरचा तिचा कोट काढून तिच्या हातात दिला. “बूट घाल.”

“आई, बटाटे…”

“जळू देत. बूट घाल.”

“कुठे निघालात गं दोघी?” वरून येस्परने विचारलं.

“दिवा बदलून आणतो,” गुद्रुन म्हणाली.

दुकान कधीच बंद झालं होतं. मायब्रिटने नाड्या न बांधताच बूट पायांत सरकवले. बाहेर समुद्रावरून भणाणतं वारं येत होतं. गाडीचं दार उघडायला गुद्रुनला दोनदा जोर लावावा लागला. आत बसल्यावर किल्ली काही केल्या भोकात जाईना, तेव्हा मायब्रिटने तिचा हात धरून ती लावली.

गाडी सुरू झाली तेव्हा घराचं दार उघडलं. येस्पर पायरीवर आला होता. एका हातात दिवा, त्याची वायर मागे जमिनीवर घासत होती.

“अगं आई,” तो ओरडला, “दिवा इथेच राहिला की!”