हाताची सवय

पिनबॉल यंत्रांचे संग्राहक सबनीस यांनी मोठ्या हौसेने मागवलेलं, खेळणाऱ्याचा हात ओळखून शिकणारं नवं यंत्र पहिल्या दिवसापासून अडत होतं. तक्रार केल्यावर कंपनीची तपासनीस शलाका आली. तिने बटणं दाबताच चेंडू सुसाट धावू लागला.

"यंत्र चांगलं आहे, सर. कारखान्यात चाचणी मीच घेतली, त्याला माझ्या हाताची सवय लागलीय. स्मृती पुसू का?"

आपल्या यंत्रावर सराईतपणे फिरणारे तिचे हात सबनीसांना बघवेनात. "पुसून टाका," ते म्हणाले.

संध्याकाळी यंत्र त्यांच्याशी जराही न अडता खेळलं. मग त्यांचा मित्र देशिंगकर खेळायला लागला. त्याच्याशीही ते तितकंच छान खेळलं. सबनीसांनी डाव अर्ध्यावर असताना वीज बंद केली.

"नवीन आहे," ते म्हणाले, "आत्ताच कुणाची सवय नको लागायला."