मुलाला वाचवा, फोन करा

"पाणी नको," शिवणवाली म्हणाली. "एवढंच सांगा, शेजारणीला तो नंबर देऊ का नको?"

दूतावासातल्या सचिवबाईंनी पुढे केलेला पेला परत टेबलावर ठेवला. नंबर समोरच्या भिंतीवर, पत्रकावर होता. 'मुलाला वाचवा, फोन करा.' खाली दोन देशांचे झेंडे. गर्दच्या व्यसनापायी इथली घरंच्या घरं बसायला लागली, तेव्हा ही फोनसेवा आणि पोलिसांच्या विशेष पथकाच्या गाड्या सचिवबाईंच्या देशाने दिल्या होत्या. ती मदत पुढे चालू ठेवायच्या करारावर आज दुपारी सह्या व्हायच्या होत्या.

"ताई, पथकाच्या अहवालात लिहिलंय की..." सचिवबाई अडखळल्या. "तुमच्या मुलाने शस्त्र काढलं म्हणून गोळी झाडावी लागली."

"शस्त्र? त्याला सुईत दोरा ओवता येईना, बाई. हात इतके थरथरायचे."

"मग पथक तुमच्याच घरी कसं आलं? कुणी चुगली केली?"

"चुगली कसली? मीच फोन केला होता."

सचिवबाईंनी समोरचा अहवाल मिटला. सांत्वनाची वाक्यं त्यांना नोकरीमुळे तोंडपाठ होती. त्यातलं एकही त्यांनी वापरलं नाही.

शिवणवाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगत राहिली. "भांडीकुंडी विकली त्याने. मग मशीनची मोटर विकली. रोज थोडा थोडा मरत होता. वाटलं, नेतील, औषधपाणी करतील. गाडी आली तेव्हा दार मीच उघडलं. जेवायला थांबता का, असंही विचारलं त्यांना." तिने पदराचं टोक सोडलं. "आता शेजारणीचं पोरगं त्याच वाटेला लागलंय. तिला वाचता येत नाही, रोज येऊन नंबर मागते. तिला वाटतं, माझं गेलं म्हणून मी तिचंही वाचू देत नाही. नाही दिला तर गर्द मारणार. दिला तर मीच मारलं म्हणायचं."

तेवढ्यात राजदूत आत आले. ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. शिवणवालीसमोर वाकून त्यांनी मनापासून दुःख व्यक्त केलं आणि सचिवबाईंना खिडकीशी घेऊन गेले.

"आपण हात काढून घेतला तर ही मदत दुसरे कुणीतरी देतील," ते हळू म्हणाले. "आणि ते एक शब्द विचारणार नाहीत. आपण निदान विचारतो."

"विचारतो," सचिवबाई म्हणाल्या. "आणि पथक सांगेल ते लिहून घेतो. मी आज कराराची फाइल घेऊन येणार नाही, सर. त्या फोनवर काय चालतं ते कळेपर्यंत तरी नाही."

"एवढंच ना? मग हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

राजदूतांनी टेबलावरच्या फोनचा स्पीकर लावला आणि पत्रकावरचा नंबर फिरवला. पलीकडे लगेच एका बाईचा आवाज आला.

"बोला. घाबरू नका. तुम्ही मुलाच्या भल्यासाठीच फोन करताय."

शिवणवालीचा चेहरा पांढराफटक पडला. राजदूतांचा मात्र उजळला. फोनवर तळहात धरून ते कुजबुजले, "बघा, किती मायेने बोलते. आपणच दिलंय हे प्रशिक्षण."

"मुलगा आत्ता घरीच आहे ना?" आवाजाने विचारलं. "मग पत्ता सांगा. गाडी लगेच निघते."

पत्ता घेतात तरी कसा, हेही पाहून घ्यावं म्हणून राजदूतांनी आपला हसरा आवाज लावला. "घ्या लिहून," ते म्हणाले, आणि दूतावासाच्या रस्त्याचं नाव सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

शिवणवाली उठली ती खुर्ची पाडूनच. टेबलावर ओणवी होऊन तिने फोनवर दोन्ही पंजे दाबले, सापडतील ती बटणं दाबली, आवाज तुटेपर्यंत दाबतच राहिली. मग तिने एवढ्या मोठ्या माणसाचं मनगट घट्ट धरलं, रस्त्यात धावणाऱ्या लेकराचं धरावं तसं.

"पत्ता देऊ नका, साहेब," ती म्हणाली. "ते येतात."