सुटलेला जितडा

हौशी मासेमारीचा परवाना हल्ली होडीवरच बोलतो. मासा समोर धरला की खवल्यावरची वर्तुळं मोजून त्याची जन्मापासूनची हकीकत काढतो.

रेवदंड्याच्या खाडीत चौलकर गुरुजींनी ओढलेल्या जितड्याच्या जबड्यात एक जुना गळ होता. त्यावर गुरुजींचंच नाव कोरलेलं होतं.

"भाऊजी, हाच का तो?" मेहुणा हेमंत उठून उभा राहिला. "बारा वर्षांपूर्वी सुटलेला, माणसाएवढा?"

त्या माशाची लांबी गुरुजींनी बारा वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगितली होती.

"वय चौदा. सुटला तेव्हा दोन," परवाना म्हणाला. "ठेवलात तर तेव्हाची लांबी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल. सोडलात तर नोंद नाही. लांबी आत्ता ऐकायची आहे?"

"नको!" गुरुजींनी मासा घाईघाईने पाण्यात सोडला.

"अहो, जेवण गेलं की!"

"मादी होती ती, हेमंत, पोटात अंड्यांची गाबोळी. माणसाला दया हवी."

संध्याकाळी ओट्यावर गुरुजी दोन्ही हात पसरून सांगत होते, "आता तर होडीएवढा झालाय!" हेमंतने मान डोलावली. त्याचाही एक रावस सुटलेला होता.

पाच वर्षांत खाडीतले मोठे मासे दुप्पट झाले. मत्स्यखात्याने अहवालात कारण लिहिलं : हौशी मच्छीमारांची जागरूकता.