वळणावर घसरणारं इंजिन

इंजिन पुन्हा वळणावरच घसरलं. पुढची चिमुकली चाकं रुळावर चढली, मागच्या डब्यांनी धक्का दिला आणि हातभर लांबीची काळी आगगाडी प्लायवूडवर आडवी झाली.

"बघ, तिथेच!" नंदकिशोर म्हणाले.

जाईने इंजिन उचलून उलटं केलं. वाफेच्या इंजिनाची ही प्रतिकृती अभिरामने, तिच्या नवऱ्याने, सुट्टे भाग आणून घरीच जोडली होती. नेरूळच्या या फ्लॅटमधली त्याची खोली अजूनही रुळांनी भरलेली होती. तो अपघातात गेला. जाई करंजाड्याला आईकडे राहायला निघाली, तेव्हा सासऱ्यांनी, नंदकिशोरांनी, तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "त्याची गाडी तेवढी चालू करून दे. त्याने तुला शिकवलंय. मला त्यातलं काही कळत नाही."

तेव्हापासून ती दर रविवारी यायची. तिने चाकांमधलं अंतर मोजून पाहिलं, स्प्रिंग बदलली. पुढचा भाग उचलला जाऊ नये म्हणून शिशाचा तुकडाही चिकटवला. तरी वळण आलं की गाडी खाली. ती रुळाकडे वळली की नंदकिशोर म्हणत, "रूळ मी रोज पुसतो गं. एकदम सरळ आहेत. दोष इंजिनातच आहे." मग सासूबाई, मीनाताई, जेवायला हाक मारत. जेवताना अभिरामच्या लहानपणीच्या गोष्टी निघत, आणि बघता बघता संध्याकाळ होई.

आज मात्र हितेश खाली सोसायटीच्या गेटपाशी थांबला होता. जाईने स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला.

"बाबा, मी लग्न करतेय. हितेश नाव त्याचं. नंतर आम्ही बंगळुरूला जाणार."

दारात ताट घेऊन उभ्या असलेल्या मीनाताई तिथेच थबकल्या. नंदकिशोर इंजिनाकडे बघत राहिले.

"माणूस चांगला आहे?"

"हो."

"अभिरामचं सांगितलंयस त्याला?"

"सगळं. तोच म्हणाला, कुणालाही सांगायच्या आधी बाबांना सांग."

त्यांनी मान हलवली. जाईला रडू आवरेना. "तुम्ही एकच गोष्ट मागितली होती, बाबा. तीही मी अर्धवट सोडून चाललेय. किती केलं, तरी दोष सापडलाच नाही मला."

नंदकिशोर टेबलाचा आधार घेत उठले आणि वळणापाशी गेले. चष्मासुद्धा लावला नाही. आतल्या रुळाखाली नख घालून त्यांनी घड्या घातलेला एक पुठ्ठा अलगद ओढून काढला. गोळ्यांच्या खोक्याचा होता. मग जाईच्या हातातून इंजिन घेऊन रुळावर ठेवलं, डबे जोडले आणि बटण फिरवलं.

गाडी निघाली. वळणावर आली, वळली आणि सरळ पुढे गेली. फेरी मारून परत आली, पुन्हा वळली.

मीनाताईंनी तोंडाला पदर लावला. जाई त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिली.

"मागच्या दिवाळीतच नीट केली होतीस तू," नंदकिशोर म्हणाले. "तू यायची थांबशील म्हणून बोललो नाही."